दुसरी खुंटी

नेर,
१६ जुलै २००६

प्रिय मैतू,

जयभीम. ताईला पत्र लिहायची हुक्की कशी आली, फोन मेला की काय, असं तू म्हणशील. फोन ठणठणीत आहे. पण तो असतो विक्कीच्या दुकानात, आणि त्यावर बोलायचं म्हणजे एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मंडपाचे बांबू रचणारी माणसं. नवऱ्याचा धंदा भोंग्यांचा असला म्हणून काय झालं, मला जे विचारायचंय ते भोंग्यावरून विचारण्यासारखं नाही.

आधी ख्यालीखुशाली. अंगणवाडीतली पोरं मजेत आहेत, मी त्यांच्याहून मजेत आहे. आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. यंदाही वाचायला मीच. वाचून झालं तरी बाया उठत नाहीत. ‘‘आता तुह्या मनानं सांग,’’ म्हणतात. म्हणजे वाचलेलं सोपं करून सांग. तुला ठाऊकच आहे, मला सांगायला बसवलं की उठवायला माणूस लागतो. विक्कीचं काम मात्र थंड. कापसाला भाव नाही, मग लग्नं कशी वाजणार? लोक चहा-पोह्यावर सोयरीक उरकतात आणि आमचे भोंगे माळ्यावर झोपा काढतात. एक बरं झालं, संध्याकाळी नवरा घरात सापडतो.

आता मुद्द्याचं. विक्कीच्या रक्तात एचआयव्ही आहे, हे मी, तो आणि सासूबाई अशा आम्हा तिघांशिवाय आणि दवाखान्याशिवाय फक्त तुला माहीत आहे. कुठून आला हे विचारणं मी कधीच सोडलं. यवतमाळला दोघं नेमानं जातो. त्याच्या पेशी चांगल्या आहेत, विषाणूवरच्या मोठ्या गोळ्या अजून सुरू नाहीत. माझी तपासणी मागच्या आठवड्यात पुन्हा निगेटिव्ह आली. ‘‘असंच सांभाळून राहा,’’ असं तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. आम्ही सांभाळतोच. पण मैतू, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्हाला काही माहीतच नव्हतं, तेव्हा कुठे सांभाळलं होतं? तरी मला काही झालं नाही. तू प्रयोगशाळेत काम करतेस, हा विषाणू तुझ्या रोजच्या बघण्यातला. तो माणसाच्या पेशीत शिरतो कसा आणि माझ्यात कसा शिरला नाही, ते मी बायांना सांगते तसं सोपं करून सांग.

खरं कारणही सांगून टाकते. मला मूल हवंय. अंगणवाडीतली पोरं दुपारी आपापल्या आईच्या कडेवर बसून घरी गेली की मी सतरंजी झटकत उगाच रेंगाळते. सासूबाई याबद्दल एका शब्दानं बोलत नाहीत, त्यामुळे जास्तच लागतं. आपल्या घरातले नवस-सायास आजोबांनी छप्पन सालीच बंद केले, तेव्हा देवाला विचारायची सोय नाही. म्हणून तुला विचारते.

तुझी,
पायलताई

*

पुणे,
८ ऑगस्ट २००६

प्रिय पायलताई,

देवाच्या जागी मला बसवलंस, आभारी आहे. देवाला निदान प्रयोग बिघडल्यावर सरांची बोलणी खावी लागत नाहीत. मला परवाच खावी लागली. वाढवलेल्या सगळ्या पेशींना बुरशी लागली आणि मेहनत कचऱ्यात गेली. तरी मी सुखात आहे. मेसच्या भाजीत गूळ असतो, एवढंच दुःख.

आता ऐक. एचआयव्ही म्हणजे हात हलवत येणारा पाहुणा. स्वतःचं म्हणून त्याच्याकडे फार थोडं सामान असतं, बाकी सगळं तो आपल्या पेशीच्या घरातलं वापरतो. पेशीच्या भिंतीवर बाहेरून प्रथिनांच्या खुंट्या असतात. पेशीनं त्या स्वतःच्या कामासाठी ठोकलेल्या. विषाणू आधी एक खुंटी धरतो, तिचं नाव सीडी-फोर. तेवढ्यानं भागत नाही. मग दुसरी धरतो, सीसीआर-फाइव्ह. दोन्ही हातांना आधार मिळाला की आत उतरतो. आत गेल्यावरही त्याची मिजास बघ. त्याच्या अंगावर एक कवच असतं. आपल्याच पेशीतलं सायक्लोफिलिन नावाचं प्रथिन त्या कवचाला जाऊन चिकटतं आणि त्याला सांभाळून घेतं. आपलंच आणखी एक प्रथिन त्याला गुणसूत्रांमध्ये नेऊन बसवतं. तिथे बसला की तो घरचाच झाला, मग त्याला कुणी काढू शकत नाही. हे सगळं सुरुवातीच्या काही तासांत उरकतं, आणि माझी पीएचडी त्या तासांवरच चाललीय.

गंमत म्हणजे लाल तोंडाच्या माकडाच्या पेशीतही तो शिरतो, पण पुढे त्याचं काही चालत नाही. माकडातलं एक प्रथिन ते कवच ओळखतं आणि वेळेआधीच मोडून टाकतं. तेच प्रथिन आपल्यातही आहे, पण आपलं जरा आळशी. एवढ्याशा फरकानं माकड सुटलं आणि माणूस अडकला.

आणखी एक. युरोपात शंभरात एखादा माणूस असा निघतो की त्याच्या पेशीवर ती दुसरी खुंटीच नसते. जन्मापासूनच. हा विषाणू त्याला सहसा धरू शकत नाही. आपल्याकडे अशी माणसं जवळजवळ सापडत नाहीत, आणि फारसं कुणी शोधलेलंही नाही.

राहिली तू. ताई, दर वेळी लागण होतेच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. तू त्या बहुतेकांत पडलीस. याहून मोठं कारण मला माहीत नाही. मुलाचं मी इथल्या डॉक्टरांना विचारते. तोवर सांभाळून राहा. भाऊजींना आणि मावशींना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, जयभीम.

तुझी,
मैतू

*

नेर,
९ ऑक्टोबर २००६

प्रिय मैतू,

दोन महिने उत्तर नाही म्हणून रुसू नकोस. अख्खं नेर चिकुनगुन्यानं लंगडत होतं. आधी सासूबाई पडल्या, मग मी. अंगणवाडीतली पोरंसुद्धा म्हाताऱ्यांसारखी गुडघे धरून बसायची. आता सगळे सरळ चालतात, एक विक्की सोडून. त्याला गावात सगळ्यांच्या नंतर झाला, आणि काय झाला! रात्रभर बाहेरच्या खोलीत बाजेवर कण्हतो, सकाळी भोंगा बांधायला कडुनिंबावर चढतो. पुरुषांची आजारपणं अशीच असतात. दसऱ्याला विहारातले सगळे नागपूरला गेलो होतो, पन्नास वर्षं झाली ना धम्म घेतल्याला. इतकी गर्दी की पायातली चप्पल सुटली तर वाकता येत नव्हतं. मी एक तिथेच सोडून आले.

तुझं पत्र मी दसऱ्याच्या आधीच विहारात सांगितलं. आमच्या घराचं काही नाही, फक्त विषाणूचं. बाया तर बाया, त्या दिवशी पुरुषही बसून राहिले. विहाराच्या भिंतीला पताका बांधायच्या दोन खुंट्या आहेत. एक हात एकीला, एक दुसरीला, अशी धरून मी विषाणू झाले. माकडाचं सांगितलं तेव्हा डोमाजीबाबांनी हात वर केला. डोमाजीबाबा म्हणजे आमच्या विहारातले सगळ्यात जुने, आणि सगळ्यात जास्त शंका त्यांनाच.

‘‘लालतोंड्याचं समजलं. पन आपल्या वावरात तूर खाऊन राह्यले ते काळतोंडे? त्यायले होते का?’’

‘‘बाबा, ते मैत्रेयीले इचारावं लागन.’’

‘‘इचार. अन् ते प्रथिन त्यायच्यापासून काढून माणसाले देता येते का, तेबी इचार. फुकटात खाऊन राह्यले, काही तं देतीन.’’

लोक हसून हसून लोळले. मग मी म्हणाले, काही लोकांना दुसरी खुंटीच नसते, आणि एक हात सोडून विषाणू कसा पडतो ते दाखवलं. दाखवता दाखवता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, मैतू.

तू लिहिलंस, आपल्याकडे जवळजवळ सापडत नाहीत आणि कुणी शोधलेलंही नाही. मग शोधल्याशिवाय सापडतील कशी? दोन वर्षं मला काही झालं नाही. बहुतेकांत पडलीस म्हणतेस, पण इतक्या वेळा कुणी बहुतेकांत पडतं का? माझ्या पेशीवर ती खुंटी नाही. मला आतून पटलंय. त्याच संध्याकाळी विक्कीला सांगितलं आणि कपाटातली निरोधची पाकिटं चुलीत घातली. पुढच्या वर्षावासात मी लेकरू मांडीवर घेऊन वाचीन. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि तो तुझ्यामुळे झाला.

तुझी,
पायलताई

*

पुणे,
१४ ऑक्टोबर २००६

ताई,

हे पत्र हातात पडताच वाच. फोन केला होता. भाऊजींनी उचलला, मागे मावशी ‘‘कोन हाय, कोन हाय’’ विचारत होत्या. भाऊजींशी हे बोलायला माझी जीभ रेटली नाही. ‘‘ताईला म्हणावं पत्र येतंय,’’ एवढंच बोलले आणि ठेवला.

तुझ्या पत्राचं पहिलं पान मी लॅबमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. डोमाजीबाबांच्या माकडांवर सरसुद्धा हसले. मग पान उलटलं आणि पुढचं मी बाहेर जाऊन एकटीनं वाचलं.

तुझ्या पेशींवर दुसरी खुंटी आहे. मी त्या पेशी पाहिलेल्या नाहीत, तरी सांगते. ‘जवळजवळ’ हा शब्द आम्ही प्रयोगशाळेतली माणसं सवयीनं लिहितो, खात्री असली तरी लिहितो. तू त्या शब्दाला पाळणा बांधलास. आपल्या घरात नवस करत नाहीत म्हणतेस, पण तू माझ्या पत्रालाच नवस केलास! दोन वर्षं लागण झाली नाही म्हणजे पुढे होणार नाही, असं अजिबात नाही. भाऊजींना गोळ्या सुरू नाहीत, म्हणजे त्यांच्या रक्तात विषाणू हिंडता-फिरता आहे.

आजपासून थांबा. मागच्या दोन-तीन दिवसांत काही झालं असेल तर आत्ताच्या आत्ता यवतमाळला जा आणि डॉक्टरांना न लाजता सांग. लागण रोखायच्या गोळ्या असतात, पण त्या लगेच घ्याव्या लागतात. त्याआधीचं असेल तर तपासणी निगेटिव्ह आली म्हणून खूश होऊ नकोस. सुरुवातीला तो शरीरात असूनही तपासणीत दिसत नाही. तीन महिने वाट बघावी लागते.

मी रोज तेच बघते, ताई. पहिल्या तासात पेशीला काही कळतसुद्धा नाही. उलट तिचीच प्रथिनं त्याला हाताला धरून आत नेतात. तुझ्या बाबतीत हे व्हायला नको, मला फार भीती वाटतेय. मला तुझा राग आलाय आणि माझा त्याहून जास्त. एका ओळीचं का होईना, उत्तर पाठव.

मैतू

*

नेर,
१९ ऑक्टोबर २००६

मैत्रेयीले जयभीम,

मी विक्की लेहून राह्यलो. मले लेहाची सवय नाही, माईकवर हॅलो हॅलो म्हनाची सवय हाय. चुकलं तं समजून घेजो. तुह्या ताईचं पत्र मी फोडलं. असं कधी केलं नाही, पन फोनवर तुहा आवाज कापून राह्यलता.

काही झालं नाही. आधी हे वाच अन् पानी पे. काही म्हनता काहीच झालं नाही.

त्या दिवशी विहारातून आली ते नाचतच आली. म्हने विक्की, माह्याजवळ ते खुंटीच नाही. पाकिटं चुलीत घातले. इतकी खुश मी तिले कधी पाह्यली नव्हती. मले खुंटीबिंटी समजत नाही. मले एवढंच समजते का माह्या अंगात जे हाय ते तिच्या अंगात जाऊ नाही. पन नाही म्हनाले तोंडच उघडेना. मले बीमारी हाय हे समजल्यावर जे बाई एक दिवस माहेरी जातो म्हनली नाही, तिले मी कोन्या तोंडानं नाही म्हनू? मंग दुसऱ्या दिवशी सकाळी मले चिकुनगुन्या झाला.

झाला नाही, मी केला. गाव लंगडून राह्यलतं, त्यात एक अजून. बाहेर बाजेवर झोपतो अन् कन्हतो. कधी डावा पाय लंगडतो, कधी उजवा, ध्यानात राहात नाही. मायले समजलं हाय. ते तोंडाले पदर लावून हासते, पन बोलत नाही. नागपूरलेबी लंगडतच गेलतो. आता गावातला चिकुनगुन्या सरला, मी एकटाच राह्यलो. अजून किती दिवस कन्हू?

तुहं पत्र आज तिच्या हातात देतो अन् सारं सांगतो. रागावन. रागावू दे.

तुहा भाऊजी,
विक्की

*

नेर,
२ नोव्हेंबर २००६

प्रिय मैतू,

नवऱ्याशी तीन दिवस बोलले नाही, तुझ्याशी तर चांगले दोन आठवडे. तुम्ही दोघांनी मिळून मला शहाणं केलंत आणि मला ते आवडलं नाही.

आधी राग आला तो लंगडण्याचा. मी त्याच्या गुडघ्यांना रोज निरगुडीच्या पाल्याचा शेक देत होते! सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलल्या का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘‘कधी हा पाय, कधी तो पाय. आंधळ्यालेबी दिसलं असतं. तुले कसं नाही दिसलं वं?’’ नाही दिसलं, खरंच नाही. मला सगळीकडे लेकरूच दिसत होतं.

मग खूप रडले. त्याला विचारलं, ‘‘तोंडानं सांगता नाही येत होतं?’’

‘‘तू हासून राह्यलती ना,’’ तो म्हणाला.

मला मूल हवं होतं आणि त्याला मी हवी होते. एवढं प्रेम कुणी करत असेल तर त्याच्यावर किती दिवस रुसणार? नवी पाकिटं त्यानंच आणून कपाटात ठेवली. मुलाची इच्छा काही गेलेली नाही आणि जाणारही नाही. पण तिच्यापायी जिवाशी खेळणार नाही, हा शब्द देते. जानेवारीत तपासणी आहे, तीही करीन.

आता दुसरंच एक मनाला लागलंय. मागच्या रविवारी विहारातली एक बाई मला पाणवठ्याशी थांबवून हळूच म्हणाली, ‘‘पायल, आपल्याले ते खुंटी हाय का नाही, हे कुठं पाहून देतेत?’’ कशाला विचारते, ते तिनं सांगितलं नाही. तिचं नाव मी तुलाही लिहीत नाही. मैतू, असं घर एकट्या माझंच असेल, असं मी धरून चालले होते. मी खुंट्यांना लोंबकळून सगळ्यांना हसवलं, आणि माझ्यासारखंच दुसरं कुणी पाकिटं चुलीत घालायच्या बेतात असेल तर? मी सांगितलेलं इथल्या बाया सोडत नाहीत. ते परत कसं घ्यायचं, मला सुचत नाही.

तुझी,
पायलताई

*

पुणे,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय ताई,

बोललीस एकदाची. भाऊजींचं पत्र मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. रोज वाचते. मैत्रिणी विचारतात कुणाचं, मी म्हणते माझ्या भाऊजींचं, आणि मला फार अभिमान वाटतो.

इथल्या डॉक्टरांशी बोलले. तुमच्यासारख्या जोडप्यांना मूल व्हावं यासाठी प्रयत्न सुरू आहेत, पण अजून आपल्या हाताशी येण्यासारखं काही नाही. मी लक्ष ठेवून आहे. पक्कं काही कळलं तरच लिहीन, अर्धकच्चं लिहिणार नाही.

त्या बाईला वाट बघायला लावू नकोस. तिला आजच गाठ आणि एकटीला सांग, की खुंटी आहेच असं धरायचं आणि दोघांनी यवतमाळला जायचं. बाकीच्यांना सहा डिसेंबरला सांग, तेव्हा सगळे विहारात असतील. जास्त समजावत बसू नकोस. ‘इथे बसलेल्या प्रत्येकाच्या पेशीवर दोन्ही खुंट्या आहेत’, इतकंच बोल. कसं कळलं असं कुणी विचारलं तर ‘माझ्या ओळखीची एक बाई आहे’ म्हण. तुमचं घर मध्ये आणायची गरज नाही. भाऊजींचा धंदा गावावर चालतो, आणि गाव कसं असतं ते आपण लहानपणापासून पाहिलंय.

डोमाजीबाबांना सांग, काळतोंड्यांचं मला माहीत नाही. सर म्हणाले, बाबांनी एक पकडून आणावं, आपण तपासू.

तुझी,
मैतू

*

नेर,
१८ डिसेंबर २००६

प्रिय मैतू,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या बाईला गाठलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, ‘‘पयले तं तूच येगळं सांगतलं होतं.’’ तिला पटलेलं नाही, हे मला दिसत होतं. दोघं यवतमाळला काही गेली नाहीत.

मग सहा डिसेंबर आला. संध्याकाळी विहार भरला होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. माईक विक्कीचाच, मशीनजवळ तोच बसलेला. मी उभी राहिले आणि तू लिहून दिलंस तसं बोलले. सगळ्यांच्या पेशींवर दोन्ही खुंट्या आहेत, मी सांगितलं ते चुकलं, आपल्यात कुणी सुटलेलं नाही. डोमाजीबाबांनी हात वर केलाच.

‘‘तव्हा तं लय जोरानं सांगत होती. आता चुकलं म्हनतं. तुले कसं समजलं?’’

‘‘बाबा, माह्या ओळखीची एक बाई हाय. तिच्या नवऱ्याले हे बीमारी हाय. तिलेबी असंच वाटलं का आपल्याले खुंटी नाही...’’

‘‘कोन बाई?’’ मागून कुणीतरी विचारलं.

ती पाणवठ्यावरची बाई भिंतीला टेकून माझ्याकडे एकटक बघत होती. खोटं नाव घेतलं असतं तर तिला ते कळलं असतं. मी विक्कीकडे पाहिलं. त्याचा हात मशीनच्या बटणावर होता. आता हा आवाज बंद करील, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्यानं केला असता तर बरंच वाटलं असतं. तो उठला आणि माझ्या हातातून माईक घेतला. आधी सवयीनं ‘हॅलो’ म्हणाला.

‘‘ते बाई म्हनजे हेच. अन् तिचा नवरा मी.’’

भोंगा बाहेर कडुनिंबावर होता, मैतू. बाजारापर्यंत गेलं असेल. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग एकदम काढून टाकला आणि ताठ बसल्या.

‘‘मले हाय. हिले नाही,’’ विक्की म्हणाला. ‘‘हिले झालं नाही, कारन आमी सांभाळून राहतो. खुंटी नाही म्हनून नाही. कोनाच्या घरी असन तं लपू नका. माह्यासंगं यवतमाळले चाला. मंडपाची गाडी हाय, माही मी चालवतो.’’

त्यानं माईक परत माझ्या हातात दिला. लोक उठले. काही जण आमच्याकडे न बघता चपला शोधत होते. काही जणी जवळ येऊन हात दाबून गेल्या. घरी येताना मी त्याला विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, ‘‘वाटून राह्यली ना.’’ मी रस्त्यातच त्याचा हात धरला. नेरमध्ये नवरा-बायको असं चालत नाहीत, पण त्या दिवशी चाललो.

सगळं गोडच झालं असं लिहिणार नाही. दुसऱ्याच दिवशी एका लग्नाचं काम रद्द झालं. बसस्टँडवर त्याला काचेच्या ग्लासाऐवजी प्लास्टिकच्या कपात चहा आला. अंगणवाडीत दोन आयांनी पोरं पाठवली नाहीत. एक परत पाठवू लागली, दुसरीचं अजून माहीत नाही. पण ती बाई आणि तिचा नवरा त्याच आठवड्यात विक्कीच्या गाडीतून यवतमाळला गेले. मंडपाच्या कापडांवर बसून गेले आणि तसेच परत आले. येताना तिनं माझ्यासाठी संत्री आणली. पुढचं तिचं ती बघेल, पण आता ती माझ्या लोंबकळण्यावर विसंबून नाही. मला शांत झोप लागते.

आता कालचं ऐक. गुरुवारी डोमाजीबाबा काठी टेकत दारात आले. त्यांच्या नातीला मुलगी झालीय, रविवारी नामकरण ठेवलं होतं.

‘‘भोंगा पायजे,’’ म्हणाले.

विक्की घुटमळला. ‘‘बाबा, लोक काय म्हनतीन?’’

‘‘लोकायले मी भोंग्यावरूनच सांगन. अन् पायल, नाव तू ठेवजो.’’

आमच्याकडे नाव ठेवणारी वंदना होईपर्यंत लेकरू मांडीवर घेते आणि मग पाळण्यात घालते. हा मान आत्याचा. आत्या तिथेच बसलेली होती, तरी मला बोलावलं. मी हात पुसत पुसत गेले. मनात धाकधूक होती की लेकराची आई ऐनवेळी मागे सरेल. सरली नाही. तिनं स्वतः लेकरू माझ्या हातांवर दिलं आणि म्हणाली, ‘‘मान सांभाळजो, लय हालवते.’’

किती लहान असतं गं ते! दुधाचा वास येत होता. माझं बोट त्यानं मुठीत धरून ठेवलं होतं. वंदना मी म्हटली की नाही, मला आठवत नाही. संघमित्रा नाव ठेवलं, ते मात्र नीट मोठ्यानं सांगितलं. मग पाळण्याची वेळ झाली. सगळ्या बाया दोरीपाशी उभ्या, आणि माझ्याच्यानं उठवेना. डोमाजीबाबांच्या ते लक्षात आलं.

‘‘राहू दे वं,’’ ते म्हणाले. ‘‘पाळना काही पयून नाही चालला.’’

मी बसून राहिले. विक्कीनं बाहेर गाणं लावलं, पंगत बसली, वाढणाऱ्या बायांनी माझं ताट तिथेच आणून दिलं. मी एका हातानं जेवले. पंगत उठली, भांडी वाजायला लागली, तरी लेकरू माझ्याच मांडीवर होतं. कुणी मागितलं नाही.

तुझी,
पायलताई